अखिल भारतीय महिला परिषदेचं नेतृत्व फक्त राण्या-महाराण्यांकडेच होतं का?

नाही. पण असा समज का झाला, ते कळतं. जानेवारी 1927 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. मात्र देशभरच्या स्त्रियांना पत्रं पाठवून ही जुळवाजुळव केली आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांनी, आणि संघटनेची घडी बसवायला पुढे आल्या कमलादेवी चट्टोपाध्याय. माझ्या मते खरा कणा हाच. अध्यक्षपदाच्या नावामुळे दारं उघडायची, पण शाखा उभ्या करणं, ठराव लिहिणं, सभासदांच्या मागे लागणं हे सगळं चिटणीस बायकांनी केलं, आणि त्यांची नावं आज कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात मुलींच्या शिक्षणापासून झाली. पण मुलीचं लग्न लहानपणीच उरकत असेल तर ती शाळेत टिकणार कशी? म्हणून लगेच बालविवाहाचा प्रश्न हाती घेतला आणि 1929 च्या सारडा कायद्यासाठी परिषदेने जोर लावला. दिल्लीचं मुलींसाठीचं लेडी आयर्विन कॉलेज (1932) हेही त्यांचंच काम.

नेतृत्वाचा कस दिसतो तो हंसा मेहतांच्या काळात. त्या अध्यक्ष असताना स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार झाली: समान वेतन, मालमत्तेत वाटा, विवाह कायद्यात बरोबरी. पुढे घटना समितीत त्यांनी ठणकावून सांगितलं की आम्हाला राखीव जागा नकोत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा. राखीव जागांबद्दल आज मतं वेगळी असू शकतात, माझंही आहे, पण ही मागणी मिरवण्यापुरती नव्हती.