ग्रिप मिळेल हो, पण रिव्हॉल्व्हर कुणाचं?

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत राहतो. आजोबा सैन्यात होते. त्यांचं .४५५ बोअरचं (म्हणजे नळीच्या मापाचं) वेब्ली कंपनीचं मार्क ५ मॉडेलचं रिव्हॉल्व्हर पुढे वडिलांच्या नावावर परवान्यासह आलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता ते आईच्या कपाटात आहे. त्याच्या मुठीची डावी ग्रिप, म्हणजे मुठीवर बसवलेली बाजूची पट्टी, तडकली आहे. इंग्लंडमधला एक विक्रेता मार्क ६ची जुनी, अस्सल ग्रिपजोडी कुरिअरने पाठवायला तयार आहे. त्याच्याकडे हस्तिदंती जोडीही आहे. नाहीतर कसब्यातल्या ओळखीच्या सुताराकडून शिसवीची करून घेईन म्हणतो. वस्तू शंभर वर्षांची आहे, म्हणजे अँटिक. मग यात कायद्याची काही अडचण नाही ना?

उत्तर : अडचण आहे, आणि ती ग्रिपमध्ये नाही, कपाटात आहे.

परवाना वडिलांचा होता. तो घराला किंवा रिव्हॉल्व्हरला मिळालेला नसतो, माणसाला मिळतो, आणि त्या माणसाबरोबरच संपतो. म्हणजे गेली दोन वर्षं तुमच्या घरात विनापरवाना अग्निशस्त्र आहे. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ३चा हा भंग आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१-ब)(अ)खाली त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद व दंड आहे. असा ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात १९७२ सालीच सांगितलं. पण ‘कपाटात आहे हे ठाऊकच नव्हतं’ असं म्हणायची सोय तुम्ही मला पत्र लिहून घालवलीत.

आता अँटिकचं. पुण्यात निम्म्या वाड्यांमध्ये हा गैरसमज भिंतीवरच्या तलवारीइतकाच जुना आहे. कलम ४५(क)ची सूट नुसत्या वयाला नाही. जुन्या बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार सुटतं खरं, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. तुमचं रिव्हॉल्व्हर फक्त ग्रिपला तडकलंय. नळी, चक्र, घोडा जागच्या जागी आहेत. काडतुसं सहजासहजी मिळत नाहीत म्हणून ते शोभेची वस्तू ठरत नाही. आणि सूट मिळवायची म्हणून नळीत वेल्डिंग वगैरे करून घेऊ नका. तो उद्योग तपास अधिकाऱ्याला वेगळाच दिसेल.

ग्रिपबाबत कायद्यात एक गंमत आहे. अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. मात्र कलम ४५(ड) किरकोळ सुट्या भागांना सोडून देतं. अट एकच : ते भाग जोडीच्या भागांबरोबर, मग ते स्वतःकडचे असोत की दुसऱ्याकडचे, वापरायचा हेतू नसावा. जुन्या बाजारात रविवारी कुणी नुसती ग्रिप घेऊन शोकेसमध्ये ठेवली, तर तो या कलमाचा आधार घेऊ शकतो. तुमच्या घरी मात्र ती जिथे बसवायची ते रिव्हॉल्व्हरच आहे. त्यामुळे ज्याच्याकडे हत्यार नाही त्याला सूट, आणि ज्याला ग्रिपची खरी गरज त्याला नाही. शिवाय परदेशातून शस्त्र आणायला कलम १०खाली परवाना लागतो. कस्टम्सने पाकीट अडवलं तर ते कुणाच्या हत्यारासाठी मागवलं, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

सुताराला यात ओढू नका. धंदा म्हणून शस्त्रदुरुस्ती करायला कलम ५खाली परवाना लागतो, आणि विनापरवाना रिव्हॉल्व्हर त्याच्या दुकानात पोचवलंत की ताब्याच्या गुन्ह्यात तोही आला. दुरुस्तीसाठी रिव्हॉल्व्हरच इंग्लंडला पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा. शंभर वर्षं भरलेली वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंती जोडीचं तर नावच काढू नका. १९९१च्या दुरुस्तीपासून वन्यजीव कायद्यात बाहेरून आणलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे.

आणि वकिली बाजूला ठेवून सांगतो, ती मार्क ६ची जोडी तुमच्या मार्क ५ला बसणारच नाही. पहिल्या ते पाचव्या मार्कपर्यंत वेब्लीची मूठ खाली गोलसर, पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली असे. १९१५मध्ये मार्क ६ आला तेव्हा ती चौकोनी केली. घासून बसवायला जाल तर जुनं व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, आणखी तडकेल. पुढे कधी शोधायची वेळ आली तर पाचपर्यंतच्या मार्कांचीच शोधा.

आता करायचं काय? कलम २१ सांगतं की ताबा बेकायदा झाला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. तुमचा विलंब झालाच आहे, तो वाढवू नका. पण रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीतून चौकीवर जाऊ नका, नाहीतर वाटेतच आणखी एक कलम लागेल. आधी वडिलांचा परवाना, मृत्यूचा दाखला आणि अनुक्रमांकासह लेखी अर्ज घेऊन वकिलाबरोबर ठाण्यात जा. ते सांगतील त्या पद्धतीने जमा करा आणि पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. जमा केलं म्हणजे वस्तू गेली असं नाही. ताबा ठेवायला पात्र झालात तर कलम २१नुसारच ती परत मिळते. मुदत चुकवलीत तर मात्र सरकारजमा होऊ शकते.

वारसाला परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६च्या नियम २५मध्ये आहे. आईच्या, आणि भावंडं असतील तर त्यांच्याही, ना-हरकतीची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून ठेवा. अर्ज पुणे पोलीस आयुक्तालयात करायचा. पण .४५५ची काडतुसं घेणारं रिव्हॉल्व्हर साध्या वर्गात मोडत नाही, त्यामुळे निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो. दिल्लीची फाईल आहे, धीर धरा. तोवर तडकलेल्या ग्रिपचे तुकडे रिव्हॉल्व्हरबरोबरच जमा करा. पंचनाम्यात ‘डावी ग्रिप तडकलेली’ असं नोंदवून घ्या, म्हणजे परत घेताना कुणाशी वाद नको.