भाजलेले आलू

धरमपेठ, नागपूर
मे महिन्यातली एक दुपार

प्रिय बेटा,

कथांमधल्या नायिकांबद्दल वाटणाऱ्या सहानुभूतीवरच्या तुझ्या निबंधाची, रविवारी तू ठेवून गेलेली फाइल वाचून झाली. तिसऱ्या पानावर पाणी उडालंय त्याबद्दल माफ कर. आमचा कूलर यंदा हवेपेक्षा शिंतोडेच जास्त फेकतो. शाई फुटली ती नेमकी तुझ्या तक्त्यावर: कथा, नायिका, दुःखाचं कारण आणि शेवटचा रकाना ‘सहानुभूती – अधिक/मध्यम/कमी’. खरं सांगू? तो तक्ता वाहून गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

मेहनत दिसते तुझी. पण तू तुलना केलीस ती त्या बायकांच्या दुःखांची. ‘कफन’मधली बुधिया मेली म्हणून ‘अधिक’, हाराच्या गोष्टीतल्या मातिल्दची उमेद खर्ची पडली म्हणून ‘मध्यम’, मिस ब्रिलला कुणी नुसतं बोललं म्हणून ‘कमी’. असं वजनावर चालत असतं तर रोज सकाळी पेपर वाचताना आपण ढसाढसा रडलो असतो. आपण चहा पीत पान उलटतो.

माझीच एक गोष्ट सांगतो. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. वर्गात प्रेमचंदांची ‘कफन’ वाचून दाखवली. झोपडीत बुधिया बाळंतवेणांनी तडफडतेय आणि बाहेर विझलेल्या शेकोटीशी तिचा सासरा घीसू आणि नवरा माधव चोरून आणलेले बटाटे भाजून खाताहेत. आत कुणीच जात नाही. माधवला धास्ती, आपण उठलो तर बाप बटाटे संपवेल. वाचून झाल्यावर विचारलं, काय वाटलं? पाठ केल्यासारखी उत्तरं आली, बुधियाची दया आली. मागच्या बाकावर भंडाऱ्याकडची एक मुलगी होती. ती म्हणाली, “सर, मले तं आधी भूकच लागली. त्या आलूची.” वर्ग खो खो हसला. मी चिडलो, तास संपेपर्यंत तिला उभं ठेवलं.

पुढे किती तरी वर्षांनी ती कथा पुन्हा हातात घेतली तेव्हा कळलं, त्या दिवशी वर्गात कथा खरी वाचली होती ती एकट्या तिनेच. रात्रभर प्रेमचंद आपल्याला झोपडीत नेतच नाहीत. ते आपल्याला राखेपाशी बसवतात. गरम बटाट्याने जीभ पोळते, घीसूला वीस वर्षांपूर्वीची ठाकुराची वरात आठवते, तिथलं जेवण तो एकेक पदार्थ घोळवत सांगतो आणि आपण ऐकत बसतो. आतलं कण्हणं तेवढा वेळ कानाआड जातं. बुधियाच्या तोंडी अख्ख्या कथेत एक वाक्य नाही. ती घरात आल्यापासून दळण दळून, गवत कापून या दोघांची पोटं भरत होती, एवढंच लेखक जाता जाता सांगतो. सकाळी ती मेलेली सापडते आणि आपल्याला आठवतं, रात्री आपणही जेवणाचंच ऐकत होतो. तिच्यासाठी जे गलबलतं त्यात आपली लाज कालवलेली असते. आता हे तुझ्या ‘अधिक’मध्ये कुठे बसवशील?

मातिल्दचं उलटं आहे. फ्रेंच लेखक मोपासाँची ही हाराची गोष्ट 1884 सालची. पहिल्या दोन पानांत ही बाई मला अजिबात आवडत नाही. घरच्या रश्श्यापुढे बसून मेजवान्यांची स्वप्नं बघणारी, नवऱ्याने कौतुकाने आणलेल्या निमंत्रणावर रडणारी. त्या समारंभात घालायला मागून आणलेला मैत्रिणीचा हार हरवतो, तसाच दुसरा 36,000 फ्रँकला घेतला जातो, त्यात निम्मी रक्कम कर्जाऊ. मग दहा वर्षं भांडी, जिने, पाण्याच्या बादल्या, बाजारात एकेका पैशासाठी घासाघीस. इथेही लेखक तिची बाजू घेत नाही, नुसती कामं मोजतो. शेवटी ती मैत्रिणीला सगळं सांगते, तेही रडत नाही, अभिमानाने हसत: तुला फरक कळला नाही ना? आणि मैत्रीण म्हणते, माझा तर खोटा होता गं, फार तर पाचशे फ्रँकचा. कथा तिथेच बंद. मातिल्दचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही. तो आपण मनात काढतो. दहा वर्षांच्या कष्टांपेक्षा ते एका क्षणाचं हसू जास्त छळतं. तू मात्र लिहिलंयस, ‘गरिबीमुळे सहानुभूती वाटते.’ कुठल्या ओळीला वाटली, ते शोधलंस का?

मिस ब्रिलला तू ‘कमी’ दिलंस त्याचा थोडा राग आला, लपवत नाही. कॅथरीन मॅन्सफील्डने 1920 साली लिहिलेली ही एकटी बाई. दर रविवारी बागेत येते, या रविवारी फरचा पट्टा गळ्यात घालून, लोकांची बोलणी चोरून ऐकते, त्यावरच तिचा आठवडा निघतो. बाकांवरच्या म्हाताऱ्यांकडे बघून तिला वाटतं, ही माणसं कुठल्या तरी फडताळातून बाहेर आल्यासारखी दिसतात. मग शेजारी बसलेला एक पोरगा तिच्याबद्दलच म्हणतो, ही इथे येते तरी कशाला, कुणाला हवीय? ती घरी जाते, आणि तिची खोली लेखिकेने कशासारखी म्हटलीय? फडताळासारखी. एकच शब्द पुन्हा येतो, बस. अंबाझरीच्या बागेत संध्याकाळी बाकाचा एकच कोपरा धरून बसणाऱ्या आजी तू पाहिल्या असशील. ही कथा वाचल्यापासून त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने बोलायची मला भीती वाटते.

आता याच कथेशेजारी भवभूती ठेव. हसू नकोस. संस्कृत नाटककार भवभूती आपला विदर्भाचा, पद्मपूरचा. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सीता कुणाला न दिसता उभी आहे आणि राम तिच्यासाठी शोक करतो तो तिच्या कानांवर पडतो. मिस ब्रिल आणि सीता, दोघींनाही त्यांना उद्देशून न बोललेलं ऐकू येतं. एकीच्या वाट्याला हेटाळणी, दुसरीच्या वाट्याला बारा वर्षं उशिरा आलेलं प्रेम. दोन्हीकडे आपला घसा दाटतो. आणि त्याच अंकात तमसा नदी म्हणते, ‘एको रसः करुण एव निमित्तभेदात्’, म्हणजे रस एकच, करुण; निमित्त बदललं की त्याचं रूप बदलतं. पाणी एकच, भोवरा, बुडबुडा, लाट ही त्याची रूपं. तुझ्या निबंधाचा विषय तो ‘निमित्तभेद’ आहे. तू बादलीत पाणी किती तेच मोजत बसलीस.

टागोरांच्या ‘स्त्रीर पत्र’ (पत्नीचं पत्र) या कथेबद्दलचं तुझं टिपण चांगलं आहे, त्याला हात लावू नकोस. मृणाल स्वतःसाठी काही मागत नाही, जावेच्या बहिणीचं, बिंदूचं सांगत राहते, हे तू बरोबर हेरलंस. फक्त ‘दयनीय’ हा शब्द काढ. पंधरा वर्षं संसार करून पुरीहून ‘माखन बडाल गल्लीतल्या सत्तावीस नंबरात मी परत येणार नाही’ असं नवऱ्याला लिहिणाऱ्या बाईला दयनीय म्हटलेलं चालणार नाही. कीव, दया, कणव हे शब्द तू एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतेस. कीव करणारा उंचावर उभा असतो. कणव जवळ गेल्याशिवाय येत नाही.

मराठी कथा एकही नाही, हे तुझे गाइड विचारणारच. आशा बगे आपल्याच गावच्या, त्यांचा ‘मारवा’ हा कथासंग्रह घेऊन बस. पण आधी या चार कथा नीट होऊ देत.

एक काम सांगतो. हाराच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य कागदाने झाक आणि आईला वाचायला दे. मातिल्दबद्दल काय वाटतं ते विचार, मग कागद काढ. दोन्ही वेळा आई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून आण, सुधारू नकोस. ऊन उतरल्यावर, सहानंतर ये. फाइल मी कूलरपासून लांब, फडताळात ठेवली आहे.

तुझा,
सर