‘गतिज’ की ‘गतीज’? आणि वेग की चाल?

प्रश्न एका वाक्याबद्दल आहे: ‘गाडीचे वजन आणि वेग दुप्पट झाले, की तिची गतीज ऊर्जा चौपट होते.’ यात ‘गतीज’ बरोबर की ‘गतिज’, आणि ‘वेग’ लिहावे की ‘चाल’, असे विचारले आहे.

‘गतिज’च बरोबर. एकटा शब्द आपण ‘गती’ असा दीर्घ लिहितो. पण असा तत्सम शब्द समासात आधी आला, की मूळचा ऱ्हस्व परत येतो: गतिरोधक, कविराज. शेवटचा ‘ज’ म्हणजे जन्मलेला, पंकज-अंडजमधला. खाणीतून निघते ते खनिज, तशी गतीतून उपजते ती गतिज ऊर्जा. ‘स्थितिज’ही याच घडणीचा. सतराव्या शतकात लाइब्निझ हा जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती गतिज ऊर्जेच्या कल्पनेच्या पूर्वरूपाला लॅटिनमध्ये ‘व्हिस व्हिव्हा’, म्हणजे जिवंत बल, म्हणत असे. मला ते नावही फार आवडते.

आता वेग आणि चाल. शाळेच्या पुस्तकात चाल म्हणजे वस्तू किती भरभर जाते ते, आणि वेग म्हणजे किती भरभर व कोणत्या दिशेने. बोलण्यातल्या वेगाला ही दिशेची अट नाही, ती परिभाषेने घातली. गतिज ऊर्जा काढताना वस्तुमानाला, म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे त्याला, वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करतात, आणि वर्ग केला की दिशा गळून पडते. पुण्याहून साताऱ्याला निघालेली गाडी तेवढ्याच चालीने परत आली, तरी ऊर्जा तीच. म्हणून इथे दोन्ही शब्द चालतात. संवेगाबद्दल, म्हणजे वस्तुमान आणि वेगाच्या गुणाकाराबद्दल, लिहिताना मात्र वेगच हवा, कारण तिथे दिशा मोजावी लागते. रस्त्यावरच्या ‘वेगमर्यादा’ या पाटीला कुणी हात लावू नये. चाल गाण्याला असते, बुद्धिबळात असते. गाडीला मराठीत वेगच शोभतो.

‘वजन’ला माझी हरकत आहे. सूत्रात वस्तुमान येते. चंद्रावर वस्तूचे वजन सुमारे एक षष्ठांश होते, पण वस्तुमान तेवढेच राहते, आणि त्याच चालीला गतिज ऊर्जाही तेवढीच. बातमीत वजन खपून जाईल, विज्ञानाच्या वहीत नाही.

पण मोठी चूक त्या ‘आणि’त आहे, जिच्याबद्दल प्रश्नात काहीच विचारलेले नाही! १००० किलोची गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, जात असेल तर गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे एकक). वेग तोच ठेवून वस्तुमान २००० किलो केले, तर १,००,००० ज्यूल. वस्तुमान तेच ठेवून वेग ताशी ७२ केला, तर २,००,०००. दोन्ही दुप्पट केले, तर ४,००,०००. चौपट नव्हे, आठपट. चौपट होते ती एकट्या वेगाने.

तेव्हा वाक्य असे करावे: ‘गाडीचे वस्तुमान दुप्पट झाले, तर त्याच वेगाला तिची गतिज ऊर्जा दुप्पट होते, वस्तुमान तेच राहून वेग दुप्पट झाला, तर चौपट होते.’