‘पॉडकास्ट’मधली शेंग आणि फोकणी

प्रश्न : माझी नात तळजाई टेकडीवर फिरताना मराठी पॉडकास्ट ऐकते. यातला ‘पॉड’ म्हणजे ‘प्लेएबल ऑन डिमांड’ची आद्याक्षरे, असे ती सांगते. हे खरे आहे का?
– एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : नाही, ही फोड मागाहून जुळवलेली आहे. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या शब्दांचे तुकडे सांधून ‘पॉडकास्ट’ तयार झाला. अ‍ॅपल कंपनीने आयपॉड २००१ मध्ये बाजारात आणला. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये पत्रकार बेन हॅमर्सली यांनी ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील लेखात, इंटरनेटवरून उतरवून घेऊन ऐकण्याच्या या नव्या प्रकाराला काय म्हणावे असा प्रश्न टाकून, जाता जाता तीन नावे सुचवली. त्यांतले ‘पॉडकास्टिंग’ टिकले. २००५ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द ठरवले. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, शब्द मात्र चालूच आहे.

आपल्या समासात दोन्ही पदे सहसा शाबूत राहतात. ‘पॉडकास्ट’सारख्या जोडशब्दांत मात्र पदांचे डोके किंवा शेपूट छाटलेले असते. आपला ‘मिंग्लिश’ही त्याच घडणीचा.

मला अधिक गंमत वाटते ती या तुकड्यांच्या मूळ अर्थांची. ‘पॉड’ म्हणजे शेंग. दाणे पोटात सांभाळणाऱ्या शेंगेवरूनच अंतराळयानाच्या सुट्या कुपीलाही इंग्रजीत ‘पॉड’ म्हणू लागले. आणि ‘ब्रॉडकास्ट’ हा तर रेडिओच्या कितीतरी आधीचा, शेतातला शब्द : मूठ मोकळी सोडून बी चौफेर फेकणे. मावळात आणि मुळशीत राब (पालापाचोळा, शेणाचा थर) भाजलेल्या जमिनीवर भाताचे बी टाकतात, त्याला ‘फोकणे’ म्हणतात. ‘ब्रॉडकास्ट’चा जुना अर्थ नेमका तोच, आणि आकाशवाणीच्या संदर्भात आपण ज्याला ‘प्रक्षेपण’ म्हणतो, त्या शब्दातही फेकणेच आहे.

मात्र फोकलेले बी सगळ्या वाफ्यावर एकदमच पडते, तर पॉडकास्ट ऐकणारा हवा तो भाग, हव्या त्या वेळी, एकेक करून उचलतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही फोकणी नसून टोकणी, म्हणजे एकेक बी हाताने रोवणे, आहे. तेव्हा नातीची आद्याक्षरे चुकली असली, तरी ‘मागणीनुसार ऐकण्या’चा तिचा मुद्दा चुकलेला नाही.