कोपऱ्याच्या प्लॉटला जास्त भाव द्यावा का?

पुण्यात धायरीला 2,000 चौरस फुटांचे दोन एनए (बिगरशेती) प्लॉट पाहिलेत, दोन्ही 40 बाय 50, एक कोपऱ्याचा आणि एक मधला. कोपऱ्याचा मालक पंधरा टक्के जास्त मागतोय, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही रस्त्यांची रुंदी विकास आराखड्यात किती दाखवली आहे ते बघितल्याशिवाय एक रुपयाही वाढवू नका.

आपल्याकडे भाव गुंठ्यावर बोलला जातो (1 गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट), पण जागेची खरी किंमत ठरते ती तिच्यावर किती बांधता येतं यावरून. पुण्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, 1.10 आहे. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) किंवा टीडीआर (सार्वजनिक कामाला दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर हे दोन्ही धरून 2 पर्यंत जाता येतं. क्षेत्र तेवढंच, पण 6 मीटरच्या गल्लीतला प्लॉट आणि 9 मीटरच्या रस्त्यावरचा प्लॉट हा एकच माल नाही.

आता कोपरा. 6 मीटरचा रस्ता 9 मीटरचा व्हायचा असेल तर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, म्हणजे सुमारे 5 फूट जागा जाते. मधल्या प्लॉटचे 40 गुणिले 5, असे 200 चौरस फूट जातील. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन्ही रस्ते रुंद व्हायचे असतील तर 425 चौरस फूट, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त. वर वळणासाठी कोपरा कापला जातो तो वेगळाच. मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो, पण ज्याला दुमजली बंगला बांधायचाय त्याला अंगण गेल्याचं दुःख टीडीआरने भरून निघत नाही. रस्ते आधीच पूर्ण रुंदीचे असतील तर मात्र कोपरा खरोखर चांगला: दोन बाजूंनी उजेड-वारा कायमचा, दोन गेट, तळमजल्यावर दवाखाना किंवा ऑफिस काढायची सोय. तिथे आठ-दहा टक्के जास्त देणं मला पटतं.

क्षेत्राइतकाच दर्शनी रुंदीचाही विचार करा. समजा पुढे 10 फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना 5 फूट सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडायचंय. 40 बाय 50 च्या प्लॉटवर 30 बाय 35, म्हणजे 1,050 चौरस फुटांचा तळमजला बसतो. तेवढ्याच क्षेत्राच्या 20 बाय 100 च्या पट्टीवर 10 बाय 85 उरतात: जिना घातला की खोलीच्या शेजारून जायलाही वाट राहत नाही. असली पट्टी स्वस्त मिळते, ती त्यामुळेच.

मोठ्या प्लॉटचा चौरस फुटाचा दर सहसा कमी असतो, कारण एवढी रक्कम एकरकमी देणारे गिऱ्हाईक थोडे. कोथरूड-एरंडवण्यात मात्र उलटं होतं: लिफ्ट, पार्किंग, जिना नीट बसेल अशी जागा बिल्डरला हवी असते, म्हणून शेजारचे दोन प्लॉट जोडून मिळाले तर तो दर वाढवून देतो.

प्लॉट रस्त्यापेक्षा खाली आहे का, जवळ ओढा आहे का, हे पावसाळ्यात जाऊन बघा. 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याने आणि जुलै 2024 मध्ये मुठेने एकतानगरीत काय केलं ते पुण्याने पाहिलंय. निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराची नकाशावर आखलेली हद्द) आत नवं बांधकाम होत नाही, मग कोपरा असो की मधला. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत पाया खोल न्यावा लागतो. तो खर्च भावातून वजा करायला सांगा.

दक्षिणमुखी किंवा समोरून रस्ता येऊन आदळणारा प्लॉट वास्तूच्या समजुतीमुळे कमी भावात जातो. तुम्ही मानत नसाल तर घासाघीस जरूर करा, पण विकताना तीच सूट तुम्हालाही द्यावी लागेल हे धरून चाला.

विसार देण्याआधी महापालिकेचा झोन दाखला व डीपी (विकास आराखडा) अभिप्राय, मंजूर लेआउट, एनए आदेश आणि मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) घ्या. रस्ता लेआउटमधला आहे की नुसता वहिवाटीचा, हेही त्यातून कळेल. शिवाय साठेखतात एवढं लिहून घ्या की पैसे सातबाऱ्यावरच्या आकड्याचे नाही, तर रस्त्याची जागा सोडून प्रत्यक्ष मोजणीत भरेल तेवढ्याच क्षेत्राचे दिले जातील.