‘फिरता फुटबॉल व्यवस्थापक’ कानाला का खटकतो?

विचारलेला प्रश्न असा : ‘एका लेखाच्या भाषांतरात मी लिहिलं, “पोर्तुगालचा जॉर्ज कोस्टा निवृत्तीनंतर फिरता फुटबॉल व्यवस्थापक झाला.” वाक्य खटकतंय, पण चूक सापडत नाही. मॅनेजर म्हणजे व्यवस्थापकच ना?’

शब्दकोशात हो, मैदानावर नाही. इथे ‘प्रशिक्षक’च हवा, आणि ‘फिरता’ काढून टाकायला हवा.

संघाचा व्यवस्थापक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो. आमचा कॉलेजचा संघ एसटीने सामन्यांना जायचा, तेव्हा जिमखान्याचे एक सर मॅनेजर म्हणून सोबत असत. खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात सगळ्यांची ओळखपत्रं, जेवणाचे पैसे, क्रेप बँडेज आणि परतीच्या तिकिटांचा हिशेब. बचावफळीत कोण खेळणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते कोच सांगायचे. ‘व्यवस्थापक’ वाचलं की मला अजून ती पिशवी दिसते. कोस्टाच्या हातात ती पिशवी द्यायची नाही.

क्रिकेटमध्ये एक अपवाद होऊन गेला. अजित वाडेकर १९९२ ते १९९६ या काळात भारतीय संघाचे ‘क्रिकेट मॅनेजर’ होते आणि काम प्रशिक्षकाचंच करत होते. पण ते पदाचं नाव होतं. पुढे ‘कोच’ हे पद रुळलं आणि मराठी बातम्यांत ‘प्रशिक्षक’ कायमचा बसला.

मुळात फुटबॉलमधला ‘मॅनेजर’ हा इंग्लंडचा शब्द. तिथे संघनिवड, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी-विक्री हे सगळं एकाच माणसाच्या हाती असायचं, म्हणून तो मॅनेजर. पोर्तुगालमध्ये ही कामं वाटलेली आहेत आणि शब्दही. क्लबच्या संघाला शिकवणारा तो ‘त्रैनादोर’, म्हणजे सराव घेणारा, आपला प्रशिक्षक. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक मात्र ‘सेलेसियोनादोर’, म्हणजे निवड करणारा. हा भेद मला फार आवडतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षातून थोडेच दिवस असतात. त्याचं खरं काम निवडण्याचंच.

कोस्टाने यातल्या सगळ्या खुर्च्या पाहिल्या. पोर्टो या पोर्तुगीज क्लबचा हा दणकट मध्यबचावपटू. १९९१ मध्ये लिस्बनला वीस वर्षांखालील विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या पोर्तुगीज संघात तो होता, आणि २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकणाऱ्या पोर्टोचा कर्णधार. देशाकडून पन्नास सामने. मग ब्रागा आणि ओल्यानेन्ससारख्या क्लबांत त्रैनादोर. २००८-०९ मध्ये ओल्यानेन्सने त्याच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेतलं. २०१५ च्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये तो गॅबॉनचा सेलेसियोनादोर होता. आणि २०२४ मध्ये पोर्टोने त्याला परत बोलावलं ते फुटबॉल संचालक म्हणून. त्याच पदावर असताना ५ ऑगस्ट २०२५ रोजी, क्लबच्या सराव केंद्रावर हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. वय ५३. या सगळ्याला सरसकट ‘व्यवस्थापक’ म्हटलं तर एका आयुष्यातल्या तीन वेगळ्या कामांवर एकच पाटी लागते.

आणि खेळाडू त्याला हाक काय मारत असतील? पोर्तुगालमध्ये प्रशिक्षकाला ‘मिश्तेर’ म्हणतात. हा इंग्रजी ‘मिस्टर’च, युरोपच्या दक्षिणेत फुटबॉल शिकवायला आलेल्या इंग्रजांमुळे तो रुजला असं सांगतात. आता गंमत पाहा. ‘मिस्टर’ हे ‘मास्टर’चंच रूप, आणि दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘मागिस्तेर’, म्हणजे गुरुजी. त्याच मुळातून पोर्तुगीज ‘मेश्त्र’ निघाला, तो जहाजातून इकडे आला आणि आपला मिस्त्री झाला. कोकणीत सुताराला मेस्त म्हणतात, तळकोकणात मेस्त्री हे आडनावच आहे. म्हणजे शाळेतले मास्तर, गवंड्यांवरचा मिस्त्री आणि पोर्टोचा मिश्तेर ही एकाच आजोबांची नातवंडं.

अस्सल मराठी शब्द हवाच असेल तर मला ‘वस्ताद’ जवळचा वाटतो. तोही फारसीकडून आलेला, पण आता पुरता आपला. तालमीतला वस्ताद मेहनत करून घेतो, खुराक बघतो, आणि कुठला पठ्ठ्या कोणाशी लढणार हेही ठरवतो. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावाने शाहू स्टेडियमवर उतरतात. तरी बातमीत वा लेखात ‘प्रशिक्षक’च लिहा, वस्ताद म्हटलं की आधी लाल माती आठवते.

राहिला ‘फिरता’. फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, फिरता विक्रेता : यात वस्तू किंवा माणूस फिरतो, पण मालक तोच राहतो. ‘फिरतीची नोकरी’ही तशीच. कोस्टाचं तसं नव्हतं. क्लब बदलायचा, आणि त्याबरोबर कित्येकदा देशही, भाषाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. २०१८ मध्ये हे बिऱ्हाड इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी या क्लबात उतरलं आणि दोन मोसम राहिलं. पहिल्याच मोसमात संघ तिसरा आला, पण उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात अंधेरीच्या मैदानावर एफसी गोवाने पाच गोल चढवले. परतीचा सामना जिंकूनही भरपाई झाली नाही.

अशी भ्रमंती इंग्रजी विशेषणात कोंबते, मराठी ती क्रियापदाला करायला लावते. आपण ‘पंढरपूर, तुळजापूर करून आलो’ म्हणतो ना, तसं. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘पोर्टोचा कर्णधार जॉर्ज कोस्टा पुढे प्रशिक्षक झाला आणि रुमानिया, सायप्रस, गॅबॉन, ट्युनिशिया, फ्रान्स करत मुंबईला पोचला.’