मैत्रिणीचे गणित सोडवण्याआधी तिची वही पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

बारावीची बोर्डाची परीक्षा जवळ येत असताना संध्याकाळी मैत्रिणी फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न घेऊन तुझ्याकडे येतात, त्यांना नाही म्हणवत नाही आणि स्वतःचा अभ्यास मात्र मागे पडतो, असे तू लिहिले आहेस. त्यांना परत पाठवू नकोस, हे आधी सांगतो. परंतु प्रश्न हाती येताच कोरा कागद घेऊन तो पहिल्या ओळीपासून उत्तरापर्यंत सोडवून देण्याची तुझी रीत मात्र बदल, कारण तीत तुझा अर्धा तास जातो आणि मैत्रिणीच्या हाती फक्त एक सोडवलेले गणित पडते. तशी गणिते कोणत्याही गाइडात पानोपानी छापलेली असतात.

पहिल्यांदा तिची वही मागून घे. तिने खोडले असेल तर खोडलेलेही पाहा. एक उदाहरण देतो. झिंक आणि तांब्याच्या विद्युतघटाचे नर्न्स्ट समीकरणावरचे, म्हणजे आयनांच्या संहतीवरून घटाचे विभव काढण्याचे, गणित आहे असे समज. प्रमाण विभव 1.10 व्होल्ट, झिंक आयनांची संहती 0.05 मोलर आणि तांब्याच्या आयनांची 1 मोलर. उत्तर सुमारे 1.14 व्होल्ट यायला हवे आणि मैत्रिणीचे 1.18 आले आहे. उत्तर चुकले एवढेच पाहिलेस, तर तू तिला नर्न्स्टचे समीकरण पुन्हा मुळापासून समजावशील आणि ती मान डोलावत ऐकून घेईल. वही पाहिलीस तर दिसेल की समीकरण बरोबर आहे, 0.0592 ला 2 ने भागलेले आहे, संहतींचे गुणोत्तरही योग्य क्रमाने मांडलेले आहे. चूक आहे ती लॉग टेबलात. 0.05 चा लॉग दोनावर बार, म्हणजे आडवी रेघ, आणि पुढे .6990 असा येतो, म्हणजे उणे 2 अधिक 0.6990, म्हणजेच उणे 1.3010, परंतु तिने बार हे सगळ्या संख्येचेच उणे चिन्ह समजून उणे 2.6990 घेतले. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर बार असलेले आणखी दोन-तीन लॉग तिच्याकडून काढून घे, म्हणजे रासायनिक गतिकीतही ती अडणार नाही. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे ही एक चूक किती ठिकाणी गुण खाते याचा अंदाज तुला येईल.

काही वाद मात्र असे असतात की दोघींपैकी कोणीही चुकलेली नसते, आणि अशा वेळी तुझी खरी गरज असते. थर्मोडायनॅमिक्स दोन्ही विषयांत आहे. 1 बार इतक्या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध वायूचे आकारमान 10 लिटरवरून 15 लिटर झाले आणि त्याने 800 ज्यूल उष्णता शोषून घेतली, तर केमिस्ट्रीची वही घेऊन बसलेली मैत्रीण कार्य उणे 500 ज्यूल लिहील, फिजिक्सची वही घेऊन बसलेली अधिक 500 लिहील, आणि मग दोघी तुझ्याकडे न्याय मागायला येतील. केमिस्ट्रीत वायूवर झालेले कार्य धन मानतात आणि उष्णतेत कार्य मिळवतात. फिजिक्सच्या पुस्तकात वायूने केलेले कार्य धन मानतात आणि ते उष्णतेतून वजा करतात. आंतरिक ऊर्जेतील वाढ दोन्हीकडे 300 ज्यूलच येते. ‘केमिस्ट्रीत उलटे असते’ एवढे सांगून त्यांची बोळवण करू नकोस. दोघींना शेजारी बसवून दोन्ही रीतींनी हेच गणित करायला लाव, म्हणजे वायू प्रसरण पावताना ऊर्जा कोणी कोणाला दिली हे त्यांना कळेल आणि चिन्ह पाठ करावे लागणार नाही. असे गणित दोन्ही बाजूंनी मांडून दाखवताना तुझाही धडा पक्का होतो, म्हणून हा वेळ वाया गेला असे मी मानत नाही.

कधी तुझे आणि चार जणींचे उत्तर जुळणार नाही. तेव्हा बहुमत घेऊ नका. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील तो परिच्छेद काढा, एकके तपासा आणि संख्या शक्य तरी आहे का ते पाहा.

प्रॅक्टिकलच्या जर्नलबाबत मी अधिक कठोर आहे. अनुनाद नळीच्या प्रयोगात 512 हर्ट्झचा नादकाटा वापरून मैत्रिणीचा ध्वनीचा वेग सेकंदाला 315 मीटर आला, म्हणून ती तुझी रीडिंग मागेल. ती देऊ नकोस. तिच्या हवास्तंभाची लांबी 15.4 सेंटिमीटर आणि नळीचा आतील व्यास 4 सेंटिमीटर असेल, तर व्यासाच्या 0.3 पट म्हणजे 1.2 सेंटिमीटरचे एंड करेक्शन, म्हणजे नळीच्या उघड्या टोकासाठीची दुरुस्ती, लांबीत मिळवायचे ती विसरली आहे. ते मिळवले की तिच्याच रीडिंगमधून 340 मीटर येतात. स्वतःचे रीडिंग बरोबर होते हे ज्या मुलीला एकदा कळते, ती तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर चाचरत नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मैत्रिणीला संकल्पना खुशाल मराठीत समजावून दे, मात्र उत्तराच्या ओळी तिला पेपरच्या भाषेत स्वतः लिहू दे आणि तू फक्त वाच. तिच्या सूत्राच्या शेजारी राशींचे अर्थ आणि शेवटी एकक आहे का, तेवढे बघ. पायऱ्यांना गुण असतात आणि आकडेमोड चुकली तरी सूत्राचे आणि मांडणीचे गुण हातचे जात नाहीत.

तुझ्या वेळेसाठी मैत्रिणींशी एक ठरव: ज्या प्रश्नावर स्वतः प्रयत्न केलेला नाही, तो आणायचा नाही. सुरुवातीला कोणी रुसेल, तरी हा नियम सोडू नकोस. आणि एखादे गणित तुम्हा सर्वांनाच अडले, तर मला पाठव. सोबत प्रत्येकीने ते कुठपर्यंत नेले होते ती पानेही जोड, म्हणजे कोणाला काय लिहायचे ते मला ठरवता येईल.

तुझा,
सर